खाली पाणी ठेवा

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. तरुणपणी मी दूध तापवलं आणि ते उतू गेलं की बोलणी खाल्ली, जणू गॅस मीच मोठा केला होता. पुढे पोचे आले, तसं मला मेणाच्या कामाला लावलं.

या घरच्या आई मेणबत्त्या करायच्या. मोठ्या भांड्यात पाणी उकळायचं, त्यात मला बसवायचं, माझ्यात मेणाचे तुकडे टाकायचे. मेणाला थेट आच दाखवायची नाही. साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, वात पेन्सिलीला बांधून मधोमध सोडायची, मेण जरा निवलं की हळूच ओतायचं. गार होताना मध्ये खड्डा पडतो, तो पुन्हा भरायचा. "मेण काय आणि माझा लेक काय," त्या म्हणायच्या, "ऊब द्यावी, चटका देऊ नये."

मग आईंची वाचा गेली, उजवा हातही गेला. फळीवर मी, ओट्याशेजारी खुर्चीत त्या. दोघं बघत बसायचो.

मध्यंतरी एकदा लेकाला मायेचा उमाळा आला. "मेणबत्त्या करू, आईला बरं वाटेल," म्हणत त्याने माझ्यात मेण टाकून मला थेट गॅसवर चढवलं.

"अहो, आई खाली पाणी ठेवायच्या ना?" सून म्हणाली.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

आई डावा हात खुर्चीवर आपटू लागल्या.

"बघ, टाळ्या वाजवतेय." एका हाताने टाळी वाजत नाही, हे त्याने शाळेत पाठ केलं होतं.

माझा तळ करपला. आधी धूर, मग जाळ. त्याने पाण्याचा तांब्या उचलला. पेटत्या मेणावर पाणी म्हणजे भडका थेट आईंच्या खुर्चीपर्यंत. आईंच्या गळ्यातून नुसती घरघर. मला तर तेवढीही जमेना.

सुनेने त्याचं मनगट धरलं, गॅस बंद केला, माझ्यावर ताट पालथं घातलं. जाळ गुदमरला.

"मेणच भेसळीचं," लेक म्हणाला. "आई, घाबरली नाहीस ना?"

आईंनी डोळे मिटले. त्याने ते 'नाही' असं धरलं.

त्या दिवसापासून आई हात आपटत नाहीत. तो मांडीवर पडून असतो. लेक पाहुण्यांना सांगतो, "आई आता किती शांत झालीये."

मित्रांनो, मेण वितळवताना खाली पाणी ठेवा. पेटलंच तर पाणी ओतू नका, झाकण घाला. आणि बोलता न येणारं कुणी हात आपटत असेल, तर कौतुक मागाहून करा. आधी गॅस बंद करा.