तपासनिसाचा रकाना

सातव्या पॅडमधलं एक पान स्कॅनरमध्ये अडकलं. ताईने झाकण उघडून ते हलक्या हाताने मागे ओढलं. कार्बनखालची पानं पातळ, जरा जोर लागला की फाटायची. या पानाचा वरचा कोपरा दुमडलेला होता, तोच अडकला होता. तिने नखाने घडी सरळ केली, पान टेबलावर ठेवून त्यावरून दोनदा तळहात फिरवला आणि पुन्हा लावलं. वाचलं नाही. एकोणीस पॅडं, प्रत्येकात पन्नास पानं. वाचत बसली असती तर दुसरी कामं तशीच राहिली असती.

पॅडं वहिनीने आदल्या दिवशी आणून दिली होती. दादा गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्याचं कपाट तिने आत्ता कुठे रिकामं करायला घेतलं होतं. ताईच्या लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. बारा वर्षांत वहिनीने ऑफिसची पायरी चढली नव्हती. ती आली, खोकं टेबलावर ठेवलं, पाणी नको म्हणाली. तुमचं ते नवं यंत्र सगळं वाचतं म्हणे, मग हेही वाचू दे, एवढं बोलून निघाली. दारापाशी थांबून तिने दादाच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीवर आता जुन्या फायलींचा ढीग होता.

ऑफिसचं काम इमारतींच्या लिफ्टा तपासून दाखले देण्याचं. तपासायचं तपासनिसाने आणि अहवाल टाइप करायचा ताईने. दादा तपासनीस होता तेव्हाही असंच होतं. तो साइटवर गुडघे टेकून पेन्सिलीने पॅडवर लिही, वरचं पान ऑफिसात देई, कार्बनखालचं पॅडमध्येच राही. ताई त्या वरच्या पानावरून अहवाल करी. भावाबहिणीचं ऑफिस म्हणून लोक कौतुकाने बोलायचे. मग एका इमारतीतल्या लिफ्टचा दोर तुटला, तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी खाली आदळला आणि त्यानंतर तो कायम काठी घेऊन चालला. दादाचा परवाना गेला. त्याच्या जागी आलेल्याला सगळे नवा तपासनीस म्हणायचे, आणि बारा वर्षं झाली तरी बिचारा नवाच होता.

या वर्षी मालकांनी कागदांची कपाटं काढून टाकायचं ठरवलं. एक दाढीवाला संगणकतज्ज्ञ आला आणि त्याने कागदपत्रं सांभाळणारी एक प्रणाली बसवून दिली. ही कुणा एकाच्या मालकीची नाही, त्याने समजावलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, आतला सगळा मजकूर उघडा, ज्याला हवं त्याने वाचावं. ताईला त्यातलं एवढंच कळलं की कागद आत टाकला की ती प्रणाली तो वाचते आणि रकाने आपले आपण भरते. कुठली इमारत, कुठली तारीख, तपासनीस कोण. सुरुवातीला तिला शिकवावं लागतं. ताईने सगळ्यात जुन्या कपाटापासून सुरुवात केली आणि दादाचे वीस वर्षांचे अहवाल आत घातले. प्रत्येकाच्या तपासनिसाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'दादा' लिहिलं. ऑफिसात त्याला दुसरं नावच नव्हतं, आणि तिला तो एकटाच ठमी म्हणायचा.

मग ते सुरू झालं. नव्या तपासनिसाचा त्याच आठवड्यातला अहवाल ताईने आत टाकला, आणि रकान्यात आपोआप उमटलं: दादा. दुसरा टाकला. दादा. आग विझवायच्या नळकांड्यांबद्दल कंपनीला पाठवलेलं पत्र टाकलं, तिथेही दादा. नवा तपासनीस हसला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, दादांची तर मेल्यावरही गेली नाही, असं म्हणून तो आपल्या टेबलाकडे गेला. ताई हसली नाही. चुकलेला रकाना दुरुस्त करायला एक बटण दाबायचं होतं, ते तिने तीन दिवस दाबलं नाही. पडद्यावर आजच्या तारखेपुढे दादाचं नाव दिसायचं. ती पुढचा कागद टाकायची आणि नाव उमटायची वाट बघायची.

तिने दादाला माफ केलं नव्हतं, खरं सांगायचं तर हे होतं. चौकशी समितीने हाताने लिहिलेलं पान मागितलं तेव्हा फायलीत ते नव्हतं. दादा म्हणाला, त्या दिवशी मी पान भरलंच नाही, सगळं ठीक आहे असं बहिणीला तोंडी सांगितलं. ताईला असं काही आठवत नव्हतं. पण महिन्याला चाळीस लिफ्टा, कोण काय केव्हा बोललं हे कुणाच्या लक्षात राहतं? तिने समितीपुढे मान डोलावली. नंतर एकदा त्याच्या घरी, जेवणं झाल्यावर, तिने त्याला विचारलंच होतं.

"दादा, एक दोर बघायला असा किती वेळ लागतो रे?"

हातातल्या बंद पडलेल्या इस्त्रीचे स्क्रू दादा काढत होता, तेच काढत राहिला. वहिनी ताट उचलता उचलता थांबली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, तशी ती ताट घेऊन आत गेली. त्यानंतर दहा-अकरा वर्षं ताई सणसमारंभापुरती त्या घरी गेली आणि कामापुरतं बोलली. तो आजारी पडला तेव्हा रोज गेली, पण तोवर त्याला बोलायची ताकद उरली नव्हती.

पॅडं स्कॅन करून झाल्यावर ताईने स्वतःचा रजेचा अर्ज टाइप केला. वर्षश्राद्धासाठी दोन दिवस हवे होते. मालकांचा नियम होता की अर्जसुद्धा आता प्रणालीतूनच यायचा. तिने तो आत टाकला. तपासनीस: दादा.

मग तिने दाढीवाल्याला फोन केला, आणि तो दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आला. तिने अर्ज दाखवला. माझ्या रजेची तपासणी माझा गेलेला भाऊ करतोय का, असं तिने हसत विचारायचं ठरवलं होतं, पण विचारताना हसता आलं नाही.

दाढीवाल्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो म्हणाला, बंद डब्यासारखी प्रणाली असती तर मी कानावर हात ठेवले असते, ती असं का करते ते कंपनीलाच ठाऊक असतं. ही उघडी आहे, आत डोकावून बघता येतं. त्याने काही ओळी लिहिल्या आणि पडद्यावर शब्दांची एक यादी आली. हे शब्द दिसले की ती 'दादा' म्हणते, त्याने सांगितलं, जो शब्द जितका वर तितका त्यावर तिचा भरवसा जास्त.

ताईने चष्मा पुसून वाचलं. सबब. एकंदरीत. तूर्तास. सुरळीत व समाधानकारक. हरकत दिसून आली नाही.

"दादा असं कधी बोलत नव्हता," ती म्हणाली. "तो लिहायचा, दरवाजा कुरकुरतो. बटण चिकटतं. असं."

"मग हे शब्द कुणाचे?"

"अहवालातले. अहवालाची भाषा असते ना एक."

"अहवाल कोण लिहितं?"

"मी."

दाढीवाल्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "मग ही दादांना ओळखत नाही, ताई. तुम्हाला ओळखते. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यावर तुम्हीच त्यांचं नाव घातलंत, म्हणून ती तुम्हाला दादा म्हणते."

यात भूतबित काही नाही, घाबरायचं कारण नाही, असंही तो म्हणाला. अर्ज आणि पत्रं वेगळी ठेवायची युक्ती त्याने दाखवली. जाताना एक आठवण केली. बारा वर्षं पूर्ण झालेली कागदपत्रं नष्ट करायची यादी तयार आहे, तुमचा होकार आला की शुक्रवारी ती कायमची जातील. ताईने आधी यादी बघते म्हटलं. तो गेला.

तिने यादी उघडली. तेवीस इमारती, आणि नववी तीच. ती इमारत प्रणालीत असेल हे तिला माहीत होतं, तरी आजवर तिने ती उघडली नव्हती. आता क्लिक केलं तर एका ओळीत तीन कागद उभे राहिले. प्रणालीला पेन्सिलीची अक्षरं लागत नसत, पण पॅडच्या पानावर लिफ्टचा क्रमांक आणि तारीख छापील चौकटीत असे, तेवढं ती नेमकं वाचायची. तेवढ्यावरून तिने ती पानं एकत्र लावली होती. अपघाताआधीच्या वर्षीचा अहवाल, अपघाताच्या वर्षीचा अहवाल, आणि त्याच तारखेचं पॅडमधलं पान.

जे पान दादाने भरलंच नव्हतं, ते.

कार्बनची निळी अक्षरं फिकट होती. दादाचं अक्षर, उजवीकडे कललेलं. 'दोर. चार तारा तुटल्या. लिफ्ट बंद ठेवणे. दोर बदलून मला बोलावणे.' आणि 'बंद' या शब्दाखाली दोन रेघा.

ताईने दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. ओळ न ओळ तीच होती. दोर सुरळीत व समाधानकारक. सबब हरकत दिसून आली नाही. बदलली होती फक्त तारीख.

काय झालं असेल ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिची रीतच ती होती. नवा अहवाल कधी कोऱ्या कागदावर सुरू करायचाच नाही. त्याच लिफ्टचा गेल्या वर्षीचा उघडायचा, तारीख बदलायची, मग पॅडचं पान समोर धरून जे बदललं असेल ते बदलायचं. या रीतीने ती एका दिवसात दहा अहवाल करायची आणि सगळे तिची पाठ थोपटायचे. त्या दिवशी तारीख बदलल्यावर फोन आला असेल. कुणी दारात आलं असेल. कितीही ताण दिला तरी तो दिवस तिला आठवेना, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. एका माणसाचा पाय गेला, एकाचा जन्म गेला, आणि तिच्या लेखी तो इतर दिवसांसारखा एक दिवस होता.

दुसरा एक दिवस मात्र लख्ख आठवला. अपघाताची बातमी आली त्या दुपारी दादा तिच्या आधी ऑफिसात पोचला होता. ती आली तेव्हा तो फायलींच्या कपाटासमोर उभा होता. काय शोधतोस विचारलं तर म्हणाला, चष्मा. चष्मा त्याच्या कपाळावर होता. तिने तो बोटाने दाखवला, आणि दोघं त्या तसल्या वेळीही हसले होते. त्याचा एक हात तेवढा वेळ खिशात होता.

बाहेरच्या खोलीत नवा तपासनीस फोनवर बोलत होता. पडद्यावर यादी तशीच होती, आणि नवव्या ओळीपुढे 'नष्ट करा' अशी चौकट. कुणी विचारणार नव्हतं. बारा वर्षं झाली की जायचंच होतं ते सगळं. ताईने खुर्चीवरचा फायलींचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला आणि दादाची खुर्ची ओढून शेजारी घेतली. मग तिने चौकटीतली खूण काढली आणि 'कायम ठेवा' निवडलं.

अहवालाखाली टिपणीसाठी जागा होती. तिथे एकदा लिहून जतन केलं की खोडता येत नसे, लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप बसायची. तिने लिहायला घेतलं आणि पहिला शब्द पडला 'सबब'. तो तिने पुसला. थोड्या वेळाने दादा लिहायचा तसं लिहिलं. 'दोर तुटका आहे असं तपासनिसाने लिहून दिलं होतं. मी गेल्या वर्षीचा अहवाल उघडून तारीख बदलली आणि खालचं बदललं नाही. चूक माझी आहे. तपासनिसाची नाही.' एकदा वाचून तिने जतन केलं. खाली तिचं नाव उमटलं. छापील प्रत काढून तिने मालकांच्या टेबलावर ठेवली आणि परत येऊन वहिनीला फोन लावला.

वहिनीने फोन उचलला. मागे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"वहिनी," ताई म्हणाली. पुढचं काही तिने ठरवलं नव्हतं. "तुम्ही दिलेल्या पॅडांत एक पान सापडलं."



"दुमडलेलं?" वहिनीने विचारलं.

ताईने टेबलावरचं सातवं पॅड जवळ ओढून ते पान काढलं. सकाळी तिने सरळ केलेली घडी कोपऱ्यात तिरकी दिसत होती. जुनी घडी होती, तिथला कागद पिवळा पडला होता.

"हो," ती म्हणाली.

"त्यांनी वचन घेतलं होतं, वन्सं. ठमीला सांगायचं नाही म्हणून." वहिनी हळू बोलत होती, तिच्या आवाजात राग नव्हता. "मी सांगितलं नाही."