रकाना नसलेलं विष

“बाई, या औषधावर बंदी येऊन बारा वर्षं झाली,” साहेब म्हणाले. “ते पाण्यात असेलच कसं?”

“त्याला कळवायचं राहून गेलं असेल, साहेब.”

साहेब हसले नाहीत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या टेस्टरबाईंनी नळाच्या पाण्याचा तोच नमुना तीनदा तपासला होता. नव्या यंत्राला सरकारी आदेश वाचता येत नसल्यामुळे त्याने तिन्ही वेळा तेच बंदी घातलेलं कीटकनाशक दाखवलं. तेही मर्यादेच्या नऊपट.

“पण फॉर्मात त्याचा रकानाच नाही,” साहेब म्हणाले. “लिहिणार कुठे?”

हे मात्र खरं होतं. बंदी आली त्याच आठवड्यात वरून पत्र आलं होतं : जे वापरात नाही, त्याची तपासणी थांबवावी. तो रकाना बाईंनीच पट्टी धरून खोडला होता. रेघ काय सरळ आली, म्हणून तेव्हाच्या साहेबांनी कौतुकही केलं होतं. तेव्हापासून दरमहा ‘पिण्यास योग्य’खाली त्या सही ठोकत आल्या होत्या.

“मी सही करणार नाही.”

“नका करू. मी करतो.” साहेबांनी खिशातलं पेन काढलं. “आणि बाहेर बोललात, तर चौकशी लावीन. निवृत्तीला चारच महिने राहिलेत ना तुमच्या?”

घरी सातवा महिना लागलेली सून नळाखाली भरलेला पेला तोंडाला लावत होती. बाईंनी तो काढून घेतला, मोरीत ओतला आणि काय ते सांगितलं. सुनेने नळ घट्ट बंद केला.

“आपल्यापुरत्या बाटल्या आणू, आई. पण तुम्ही कुणाकडे बोलू नका हं. उगाच नसती आफत.”

“हो,” म्हणत बाईंनी चपला घातल्या.

त्यांनी समोरचं दार ठोठावलं आणि दारात आलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना पाण्यातल्या विषाचं सांगितलं. “आम्ही उकळूनच पितो, टेस्टरबाई. तुम्हीच सांगितलेलंत.”

“हे उकळून जात नाही, काका.”

“मग प्यायचं काय? रोज बाटल्या कोण आणणार?”

काका उंबऱ्यापर्यंत पुढे आले.

“तुमच्याच सहीचं पाणी ना हे?”

“माझ्याच. बारा वर्षं.”

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बाई वळल्या. मग कठडा धरून खालच्या मजल्यावर उतरल्या आणि त्यांनी पहिल्या दाराची बेल वाजवली.