बोटीची चार भोकं

कशेळ्याच्या वरच्या अंगाला धरण. धरणात 'गोदा', बारा माणसांची फायबरची बोट. चालवते सोनाली. वर्षाची सुरक्षा तपासणी आज. पास झाली तर शनिवारपासून पर्यटकांच्या फेऱ्या. नापास झाली तर बोट काठावर, आणि पुढची तारीख तपासणीचे साहेब देतील तेव्हा.

नापास होणार नाही. सोनालीला खात्री आहे.

इंजिन पहिल्या झटक्याला चालू. जॅकेटं धुतली, वाळवली, प्रत्येकाची शिट्टी फुंकून पाहिली. (पलीकडची म्हैस अजून बिचकलेली आहे.) आग विझवायचा सिलिंडर खोपोलीहून भरून आणला, टमटममध्ये मांडीवर घेऊन, बाळासारखा.

आता फक्त पाणी.

म्हणजे डेकवर बादली ओतायची. लाटेचं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून डेकच्या कडेला चार भोकं असतात. ओतलेलं पाणी त्यांतून

जात नाही.

सोनाली वाकते. भोकं नाहीत. भोकांच्या जागी एमसीलचे करडे गोळे, प्रत्येकावर अंगठ्याचा ठसा.

"मामा!"

सासरे येसाजी काठावर दात कोरत बसलेले. "काय गं?"

"ही भोकं कुठं गेली?"

"बुजवली काल. चारच्या चार." शाबासकीची वाट बघत. "म्हटलं, साहेब येतोय न् बोटीला भोकं! खेकड्यानं बांध पोखरल्यावानी दिसत व्हती."

(जन्मभर भातशेती. खेकड्याचं बीळ दिसलं की चिखल दाबायचा, नाहीतर सकाळी खाचर कोरडं. हात विचारत बसत नाहीत, दाबतात.)

"मामा, खाचरात पाणी चढलं तर काय करता?"

"बांध फोडतो जरासा. नायतर रोप कुजंल."

"मग?"

येसाजी बोटीकडे बघतात. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"हात् तिच्या."

फोन वाजतो. साहेबांची गाडी खालापूरहून कधीच निघाली, कर्जत ओलांडलं.

छिन्नी. हातोडी. ठक. पहिला गोळा उडाला. दुसरा. तिसरा फुटून फुटून निघाला. चौथा, कोपऱ्यातला, येसाजींनी जीव लावून दाबलेला, तो

गाडी आली.

"फडकं टाक न् त्याच्यावर उभी ऱ्हा," येसाजी कुजबुजतात. "काय कळतंय त्यांना?"

"शनिवारी बारा माणसं बसणार हायेत हितं, मामा."

साहेब चढतात. इंजिन ऐकतात, जॅकेटाचे पट्टे ओढतात, बादली मागतात. ओततात. तीन धारा बाहेर. चौथ्या कोपऱ्यात तळं.

"हे काय?"

"बुजलंय. चूक घरचीच," सोनाली म्हणते. "तुमच्यासमोर उघडते." ती छिन्नी उचलते.

येसाजी ती काढून घेतात. "सर गं. माझं काम हाय."

ठक. ठक. गोळा अखंड निघतो, ठशासकट. येसाजी तो गुपचूप खिशात टाकतात.

"बुजवलं कुणी पण?"

"खेकड्यानं," सोनाली म्हणते.

येसाजींना खोकला येतो.

साहेब हसत नाहीत. दुसरी बादली स्वतः भरून नेमकी त्याच कोपऱ्यात रिकामी करतात. येसाजी उकिडवे बसून बघत राहतात, रोपांतून उतरणारं पाणी बघावं तसे. तळं लहान होतं. नुसती ओल उरते.

साहेब पेनाचं टोपण काढतात. "शनिवारी पहिली फेरी कधी?"

"बारा माणसं झाली की," उत्तर येसाजीच देतात. "पण जॅकेट घालावं लागंल. त्याबिगर आमी कुणाला घेत नाय."