दाजींची डावी बाजू

लंबूला बोलायला कुणी सांगितलं होतं? गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? बास्केटबॉलचा एक सामना हरले असते, एवढंच.

पण मध्यंतरात लंबूच्या नव्या संघाचे सर भडकले होते. समोरच्या कारखान्याच्या संघातला एक बुटका गडी यांच्या पोरांना चेंडू घेऊन श्वास घेऊ देत नव्हता. हा बुटका म्हणजे लंबूच्या सख्ख्या ताईचा नवरा. लंबू परवापरवापर्यंत त्याच संघात होता. दुसऱ्या कारखान्याने बोलावलं आणि हा गेला. सर म्हणाले, "अरे, तू त्याच्या शेजारी खेळलास इतकी वर्षं. काहीतरी खोट असेलच की माणसात!"

नव्या संघात आपलीही किंमत वाटावी म्हणून लंबू बोलून गेला, "डावीकडून स्क्रीन लावा."

"डावीकडूनच का?"

"लावून तर बघा, सर."

खोट होती. दाजींना डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. पत्रे कापायच्या मशीनजवळ उभं राहून राहून तो कान गेला होता. साहेबांना कळलं तर मशीनवरून उचलून गोदामात टाकतील, या भीतीने दाजींनी ब्रसुद्धा काढला नव्हता. ताईजवळही नाही. ती बापडी समजायची, नवरा मुद्दाम कानाडोळा करतो. "यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," म्हणायची. ठाऊक होतं ते एकट्या लंबूला, आणि तेही खेळामुळे.

स्क्रीन म्हणजे काय, तर चेंडूवाल्याच्या मागे लागलेल्या गड्याच्या वाटेत समोरचा एक धिप्पाड खेळाडू खांबासारखा येऊन उभा राहतो. मागे लागलेल्याचं लक्ष चेंडूवर, त्याला तो दिसत नाही. मग त्याचा सोबती ओरडतो, "डावीकडे!" की हा अंग चोरून निसटतो. ते ओरडायचं काम लंबूचं होतं. ओरडायचा तो, पण लोकांना दाखवायला. खरं म्हणजे आपला लांबलचक हात पुढे करून दाजींच्या डाव्या खांद्याला हळूच टेकवायचा. लोक म्हणायचे, या माणसाला पाठीला डोळे आहेत. कसले डोळे नि कसलं काय! लंबूचा हात होता तो.

मध्यंतरानंतर पहिलीच स्क्रीन डावीकडून लागली. दाजींचा सोबती घसा फाटेस्तोवर ओरडला आणि दाजी जाऊन धाडकन आदळले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. लोक हसायला लागले. "बहिरा आहे काय रे?" कुणीतरी खेकसलं. पुढच्या रांगेत दाजींचे साहेब बसले होते. ते हसले नाहीत. पुढे वाकून नीट बघू लागले. लंबूने ते पाहिलं.

शेवटी सर म्हणाले, "लंबू, आता तूच लाव."

पाय मुरगळला म्हणून खाली बसता आलं असतं. पण लंबू गेला, छातीवर हात बांधून पाय रोवून उभा राहिला. दाजी चेंडूकडे बघत आले, त्याच्या छातीवर आपटले आणि आडवे झाले. तिकडे बास्केट पडली. लंबूने हात दिला. दाजींनी वर पाहिलं.

"तू होय," म्हणाले, आणि हात धरून उठले.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या डॉक्टरांनी कान तपासला. मशीन गेलं, गोदाम आलं.

रविवारी ताईने नेहमीसारखं जेवायला बोलावलं. तिचे डोळे रडून सुजले होते. "इतकी वर्षं मी या माणसाला नाही नाही ते बोलले रे! तुला माहीत होतं का?" लंबू टेबलाकडे वळला. त्याची खुर्ची ठरलेली, दाजींच्या उजव्या हाताला. त्याने ती ओढली तर दाजींनी तिच्यावर हात ठेवला.

"इथे तुझी ताई बसेल. तू इकडे ये." आणि डावीकडची खुर्ची दाखवली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर लंबूला बरं वाटलं असतं. ताई उजवीकडे बसून काहीबाही सांगत होती, दाजी मन लावून ऐकत होते, मध्येच हसलेही.

"दाजी, चुकलं माझं," लंबू म्हणाला.

दाजींनी ताईकडे मीठ मागितलं.

लंबूने त्या डाव्या खांद्याला टेकवायला हात उचलला. मग तसाच खाली घेतला. कोणत्या तोंडाने टेकवणार होता?