टवक्याचा कप

"अहो, बघताय काय नुसते? घ्या की, निवतोय चहा."

मी बघत होतो कपाच्या काठाकडे. नखाएवढा टवका उडालेला! आणि तो कप मला देत होती माझी बायको, जिने घरात टवक्याचा कप कधी एक दिवस टिकू दिला नाही. कारखान्यात ती युरेनियमच्या गोळ्या तपासते. करंगळीच्या पेराहून लहान, काळ्या गोळ्या. दिव्याखाली ट्रे फिरवायचा आणि टवका गेलेली गोळी चिमट्याने वेगळी काढायची. तशी एखादी नळीत भरली गेली, तर अणुभट्टीत नळीलाच तडा जाऊ शकतो.

मी टवक्याची बाजू पलीकडे फिरवली आणि निमूट चहा प्यायलो. आज तिच्या डोळ्यांची तपासणी होती. नापास झाली तर तपासणीची खुर्ची जाणार, आणि त्या खुर्चीवर तिचा भारी जीव.

मी शिंपी. माझ्या मशीनची मोटर सुरू झाली की ही हमखास म्हणणार, "चालतंय ना? आमच्या गोळ्यांची कृपा!" मी म्हणायचो, "सगळी वीज तुझ्याच गोळ्यांची होय गं?" पण खरं सांगतो, माझं दुकान उभं राहिलं ते हिच्याच जिवावर. हिचे उपकार फेडायचे म्हटले तर हा जन्म पुरायचा नाही.

संध्याकाळी ती आली, तशी मी मोटर बंद केली.

"काय झालं गं?"

"पास! तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला."

"अरे वा! मग तोंड का असं?"

"साहेबांना सांगून आले, मला तपासणीवरून काढा. उद्यापासून पॅकिंगला."

"वेडी का खुळी तू? पास झालीस ना?"

"अहो, तक्त्यावर अक्षरं असतात, टवके नसतात. सकाळी तुम्ही कप फिरवलात ना, ते दिसलं मला. टवका नाही दिसला."

माझा चेहरा पडला. "मी मेला कप न फिरवताच प्यायलो असतो तर..."

"छे हो! बरं झालं फिरवलात. नाहीतर उद्या गेली असती एखादी गोळी माझ्या हातून." तिचे डोळे भरून आले होते. "शेजारच्या टेबलावरची पोर रडायला लागली. म्हटलं, बाई, रडू नकोस, डोळे सांभाळ."

मग मीच चहा टाकला. तिने सकाळचा तो कप घेतला, काठावरून बोट फिरवलं. बोट टवक्यापाशी थांबलं. आता हा कचऱ्यात जाणार, असं मला वाटलं.

"असू दे हा," ती म्हणाली, आणि त्यातच तिने स्वतःचा चहा ओतून घेतला.