आघाडीवरून आलेल्या सूचना

दादा लढाईवर गेला आणि सायकलदुरुस्तीचं दुकान वहिनीच्या अंगावर पडलं. त्याची पत्रं तिच्याच नावानं येत, पण बायकोला लिहावं असं त्यात काही नसे. ठिगळ लावण्याआधी ट्यूब नीट घासतेस ना? पाने-पकडी पुसून ठेव. डॉक्टरांच्या सायकलीची चेन सैल सोडू नकोस, ते कुरकुर करतात. तिकडे तोफा चालतात की नाही, याचा कुठे पत्ताच नाही. एवढ्या लांबून हुकूम सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सख्खा भाऊ आहे म्हणूनच हे बोलते.

वहिनी ती पत्रं काळ्या हातांनी, उभ्यानंच वाचायची. 'सांगितल्याप्रमाणे करते' असं उत्तर पाठवायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

थंडी सरताना आलेलं पत्र मात्र चार ओळींचं होतं. मी बरा आहे. आईला सांभाळ. दुकानाचं तुला योग्य वाटेल ते कर.

आई म्हणाली, सुधारला हो पोरगा. मलाही तसंच वाटलं. वहिनीनं हातातलं चाक खाली ठेवलं.

"सुधारले नाहीत, आई," ती म्हणाली. "आपण परत येऊ असं त्यांना वाटेनासं झालंय."

अभद्र बोलू नकोस, म्हणून आईनं तिला दटावलं. वहिनी घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी तिनं दुकान अर्धं बंद करून पत्र लिहिलं. इतके दिवस लपवलेलं सगळं सांगून टाकलं. कामाचं बाक कोपऱ्यातून खिडकीपाशी नेलंय. पान्यांची तुमची मांडणी मोडलीय. वर लिहिलं, की डगमगणारं चाक मी तुमच्यापेक्षा चांगलं सरळ करते, असं डॉक्टर म्हणतात. हे मात्र साफ खोटं होतं. डॉक्टरांनी आजवर कुणाचं कौतुक केलेलं नाही. तो तिथे गोळ्यांच्या तोंडी उभा आहे, तू कशाला जखमेवर मीठ चोळतेस, असं मी विचारलं.

"चिडू देत," ती म्हणाली. "चिडले तर यायचं मनात आणतील."

मग पोस्टमन कितीतरी दिवस दारावरून सरळ पुढे जात राहिला. वहिनीचं कामात लक्ष लागेना. एकाच्या सायकलीचं टायर तिनं उलटं बसवलं, आणि त्यानंच ते दाखवून दिलं. मी टोमणा मारला नाही. जीभ आवरणं मला जड जातं, पण आवरली.

शेवटी जाड पाकीट आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. खिडकीपाशी दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, एवढंही कळत नाही? डॉक्टरांना सायकलीतलं काय कळतं? माझी पाठ फिरली आणि दुकानाचा पोरखेळ केलास. सगळं होतं तसं करून ठेव, मी येऊन बघणार आहे.

वहिनी तिथेच खाली बसून ढसाढसा रडली. आई तिची समजूत घालत होती, की त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस, लहानपणापासून असाच आहे.

तोंड धुऊन वहिनीनं लगेच उत्तर लिहिलं आणि पाकीट बंद करण्याआधी मला वाचायला दिलं. एकच ओळ होती. 'बाक हलणार नाही. हलवायचं असेल तर स्वतः येऊन हलवा.'