आबांचं बोट

लॅपटॉप विकायला फार अक्कल लागत नाही, तो चालू करून द्यायला लागते. कान्हे फाट्यावर माझं दुकान आहे. नवं मशीन सुरू केलं की ते आधी भाषा विचारतं, मग वायफाय, मग नाव. तोवर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. नाव विचारलं की घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागतात.

टाकव्याचे भिमाजी आबा नातीला घेऊन आले तेव्हा मात्र कुणी कुणाचं तोंड बघितलं नाही. नात म्हणजे अपेक्षा. आई-वडील भोसरीला कामाला, ही आजी-आजोबांकडे वाढलेली, नुकतीच बी.कॉम. झालेली. पुण्यातल्या एका कंपनीत हिशोबाच्या नोकरीसाठी तिची मुलाखत होणार होती, घरबसल्या, लॅपटॉपवरून. नोकरी लागली तर तिनं पुण्यात राहायचं आणि लग्नाचा विषय बंद. नाही लागली तर उर्स्याच्या स्थळाला होकार कळवायचा. आबांनी तसा शब्द दिला होता आणि दोन्ही बाजूंनी तो पाळला जाणार, हे ती जाणून होती.

"नाव काय टाकू?" मी तिला विचारलं.

"भिमाजी," आबा म्हणाले.

"आबा, वापरणार ही आहे ना?"

"वापरंल की. पर पयलं नाव माजंच. सातबाऱ्यावर माजं, लाइटबिलावर माजं, ग्यासच्या पुस्तकावर माजं. ह्याच्यावर दुसऱ्याचं कसं?"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडं तरी काय वेगळं आहे? दुकानाच्या पाटीवर अजून अब्बांचं नाव आहे आणि त्यांना मोबाईलची बॅटरी लावली तर विझवता येत नाही. मी मुकाट्यानं भिमाजी लिहिलं.

मग बोटाचा ठसा आला. आबांनी उजव्या हाताचं बोट धोतराला पुसून टेकवलं, उचललं, टेकवलं. मशीननं मान्य केलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नव्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितला आहे. बोट चाललं नाही तर उपयोगी पडावा म्हणून चार आकडी पिनही लागतो. तो त्यांनी माझ्याकडं पाठ करून, मशीन छातीशी धरून टाकला.

"आता हिचंही बोट लावून घेऊ," मी म्हणालो. "एका मशीनला दोघांची चालतात."

"किल्ली एकाच्याच कमरंला असावी, गुलजार."

मी माझं नेहमीचं भाषण दिलं. गोधडीवर ठेवून चालवू नका, खालची हवा कोंडते आणि मशीन तापतं. ओल्या हातानं चार्जर लावू नका. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. आणि कुणी काहीही सांगितलं तरी पिन द्यायचा नाही. हे शेवटचं आबांना फार पटलं. त्यांनी तो खरोखरच कुणाला दिला नाही, नातीलाही नाही.

पुढचे काही आठवडे त्या घरात लॅपटॉप गोठ्यातल्या गाईसारखा आबांच्या हातानं सुटायचा. सकाळी चहा झाला की ते बोट लावायचे आणि शेतावर जायचे. जरा वेळ हात लावला नाही की मशीन पुन्हा कुलूपबंद. मग अपेक्षा लॅपटॉप पिशवीत घालून बांधावर जायची, आबा औत थांबवून बोट लावायचे, आणि ही उघडाच लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून घरी परत यायची. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर चिडलो. "अगं, त्यांना सांग ना स्पष्ट!" ती म्हणाली, "काका, त्यांना बरं वाटतं. मुलाखत होऊ दे." तिच्या जागी मी असतो तर लॅपटॉप विहिरीत टाकला असता.

मुलाखत आली ती नेमकी भातलावणीत. त्या दिवशी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज रडवेला. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं, आबांचं बोट चालत नव्हतं आणि मुलाखत साडेअकराला होती. मोबाईलवरून भागलं असतं तर प्रश्न नव्हता, पण कंपनी हिशोबाचा तक्ता लॅपटॉपवर समोर करून घेणार होती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली.

आबा पडवीत बसले होते. सकाळपासून चिखलात लावणी केलेली, बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. त्यांनी ती चुलीच्या धगीला धरली होती, राखेनं घासली होती. मशीन दाद देत नव्हतं. पिनही चुकला होता, एकदा नाही, इतक्या वेळा की आता मशीन भलतीच इंग्रजी अक्षरं टाकायला सांगत होतं. ती मी टाकली.

"आबा, आता सावकाश. पुन्हा चुकलं तर ते आपल्याला बराच वेळ थांबवून ठेवेल."

त्यांनी हात पुढं केला. बोट आकड्यांवर नेलं आणि परत मागं घेतलं. उभ्या आयुष्यात त्या माणसाला मी घाबरलेलं बघितलं नव्हतं. अपेक्षा इस्त्रीचा ड्रेस घालून, केस विंचरून खुर्चीच्या मागं उभी होती.

"याद हाय मला," आबा म्हणाले. "पर बोटावर यीना."

"मला सांगा, मी टाकतो."

"न्हाई. ब्यांकेचा बी त्योच हाय."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आतून रतनमावशी, आबांची बायको, भाताचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "सात, चार, चार, नऊ."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"तुला कसं ठावं?" आबांनी विचारलं.

"वडगावला पैशाच्या मशीनपुढं उभं ऱ्हाता तवा मोठ्यानं बोलता की. म्होरं आकडं, मागं लाइन. समद्या लाइनीला ठावं हाय."

मी आकडे टाकले. मशीन उघडलं. अपेक्षा खुर्चीत बसली, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला आणि साडेअकराला स्पष्ट इंग्रजीत नमस्कार केला. मी आणि मावशी ओट्यावर जाऊन बसलो. आबा त्याआधीच उठून शेताकडं चालते झाले होते, भर पावसात, डोक्यावर काही न घेता.

मुलाखत झाल्यावर मी तिला म्हणालो, "आता तुझं बोट लावतो. मिनिटाचं काम आहे."

"आज नको, काका. आज ते नसताना तर नकोच." ती शेताच्या दिशेनं बघत होती. मला त्या पोरीचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

नोकरी लागली. आबांनी शब्द पाळला, उर्स्याला नकार कळवला, बँकेचा पिनही बदलला. अपेक्षा पुण्याला गेली. कंपनीनं तिला स्वतःचा लॅपटॉप दिला, तिच्या नावाचा, तिच्या बोटाचा. हा घरीच राहिला.

गणपती झाल्यावर एक दिवस आबा एकटेच दुकानात आले. पिशवीतून लॅपटॉप काढला, बोट लावलं. तो लगेच उघडला. आत तिचे हिशोबाचे तक्ते होते, बाकी काही नाही.

"बिघडलाय का?" मी विचारलं.

"न्हाई. रोज उगडतो मी. उगडतो नि मिटतो." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "गुलजार, ह्याच्यातनं माजं बोट काढ. तिचं लाव."

"लावतो की. पण आबा, त्याला तीच समोर लागते. तिनं इथं बसून बोट टेकवावं लागतं."

आबांनी मान हलवली. लॅपटॉप मिटला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

"कवा यील ती?" त्यांनी मला विचारलं.